शुक्रवारचे पावणेदोन इंच

भूगोल म्हणजे आपल्या हातचा मळ, असं फय्याज जऊळक्याच्या स्टेशनावर, मशिदीच्या ओट्यावर आणि न्हाव्याच्या दुकानात कुणीही न विचारता सांगत असे. नाईल नदीची लांबी त्याला पाठ होती. ब्राझीलमध्ये कॉफी कुठं पिकते हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा. एवढं असून मॅट्रिकच्या वर्गात त्याचं हे तिसरं वर्ष होतं, आणि मागच्या दोन्ही वेळी त्याचा परीक्षेचा फॉर्म अडकला होता तो भूगोलातच! त्याचं कारणही त्याच्याजवळ तयार होतं. मास्तर विचारायचे वऱ्हाडाचं आणि याची तयारी असायची ब्राझीलची.

वाशीमच्या शाळेत भूगोल शिकवायला रामराव मास्तर होते. दिवाळीची तीन आठवड्यांची सुटी लागायच्या दिवशी, म्हणजे एका शुक्रवारी, त्यांनी फय्याजला वर्गात उभं केलं.

"फय्याज, तू जग पुष्कळ फिरलास. आता जरा घरी जा. सुटीभर परसात पर्जन्यमापक ठेव आणि रोज सकाळी आठ वाजता किती पाऊस पडला ते वहीत मांड. वही चांगली असली तर फॉर्मवर सही करीन. नसली तर यंदाही फॉर्म जाणार नाही, आणि चौथ्या वर्षी हेडमास्तर तुला वर्गात बसू देणार नाहीत."

"पण सर, दिवाळीनंतर पाऊस कुठला?"

"नसेल तर शून्य लिही. शून्य लिहायलासुद्धा यंत्र लागतं."

फय्याज त्याच संध्याकाळच्या गाडीने जऊळक्याला आला तो छाती फुगवूनच. त्याचे अब्बा सैफुद्दीनमियां पत्र्याचं काम करायचे. डबे, नरसाळी, कंदील, चाळण्या, असलं काहीही लागलं की आजूबाजूची दहा गावं त्यांच्याकडे यायची. सैफुद्दीनमियांनी सांधे झाळलेला डबा गळाला, असं बोललेलं त्यांनी अजून कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"अब्बा, आठ इंच तोंडाचा सरळ डबा पायजे अन् त्याच्यावर तेवढ्याच तोंडाचं नरसाळं," फय्याजने हुकूम सोडला. "पन ध्यानात ठेवा, एक थेंब गळला तं माहं वर्ष गेलं."

"कायले पायजे?"

"भूगोलाले."

सैफुद्दीनमियांना विद्येबद्दल फार आदर होता. त्यामुळे विद्येबद्दल ते कधी पुढचा प्रश्न विचारत नसत. भूगोलाला डबा लागतो एवढं कळलं, त्यांचं भागलं. त्यांनी लगेच शेगडी पेटवली आणि रात्रीच्या जेवणाच्या आत डबा करून दिला. फय्याजने तो गरम असतानाच उचलला, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे भिंतीपासून आणि झाडापासून दूर, परसाच्या मधोमध तीन विटांवर ठेवला आणि वहीत पहिल्या पानावर लाल पेन्सिलीने सूर्य काढला.

सहा दिवस शून्य गेले. फय्याज आठाला उठे, डोळे चोळत डब्यात पाही, शून्य लिही आणि चहाला बसे. सातव्या दिवशी शुक्रवार होता. फय्याजने नरसाळं काढलं, आत पाहिलं आणि त्याची झोपच उडाली. डब्यात पाणी होतं! त्याने फूटपट्टी बुडवली. पावणेदोन इंच! अख्ख्या श्रावणात एका दिवसात जऊळक्यात एवढा पाऊस पडला नसेल. त्याने पुन्हा पट्टी पुसली, पुन्हा बुडवली, वहीत आकडा लिहिला, नियमाप्रमाणे डबा उपडा करून रिकामा केला आणि अनवाणी पायांनी स्टेशनाकडे पळत सुटला.

आता फय्याजला ठाऊक नव्हतं ते तुम्हाला सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही त्याच्यासारखे आभाळाकडे पाहत बसाल. पत्र्याचं काम करणारा माणूस नवा डबा पाणी भरून तपासल्याशिवाय हातावेगळा करत नाही. सकाळी भरायचा, संध्याकाळी पाहायचं. पाणी जिथल्या तिथं असलं म्हणजे झाळ पक्की. फय्याजने डबा गरम गरमच पळवल्यामुळे ही तपासणी राहून गेली होती आणि ती सैफुद्दीनमियांच्या मनाला सारखी टोचत होती. पण शनिवारपासून गुरुवारपर्यंत ते उजाडायच्या आत माल घेऊन बाजारांना जात, आज किन्हीराजा तर उद्या मालेगाव. मोकळा दिवस एकच, जुम्म्याचा. त्या पहाटे नमाज पढून येताना त्यांनी विहिरीवर बधना भरला, त्यांचा तो नेहमीचा तोटीचा लोटा, आणि सगळाच्या सगळा डब्यात ओतून ते दुकानात गेले.

संध्याकाळी येऊन पाहतात तर डबा कोरडा ठणठणीत! सैफुद्दीनमियांनी डबा उचलून बुडावरून बोट फिरवलं. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. आणि गळावा तो कोणता डबा, तर ज्याच्यावर पोराचं वर्ष होतं तोच. ही गोष्ट ते पोराजवळ कोणत्या तोंडाने बोलणार? फय्याज स्टेशनाकडे गेलाय हे पाहून त्यांनी गुपचूप डबा नेला, तळाला नवी झाळ मारली आणि परत विटांवर आणून ठेवला. तपासणी पुढच्या जुम्म्याला.

इकडे फय्याजला साक्षीदार हवा होता. स्टेशनाजवळच्या कापसाच्या गोदामावर फुलसिंग नावाचा रात्रीचा चौकीदार होता. पहाटे जागा असलेला गावातला एकुलता एक पगारी माणूस म्हणजे तो.

"फुलसिंग, पहाटे पाऊस आलता का?"

 कुणीतरी आपल्या झोपेची चुगली केली, असं फुलसिंगाच्या मनाने घेतलं.

"आलता ना. मी तं रातभर उभाच होतो. सारा भिजलो."

"किती वाजता?"

"चाराच्या सुमारास. चांगला तडतड आला."

"पन मंग जमीन कोरडी काहून दिसून राह्यली?"

फुलसिंगाने जमिनीकडे पाहिलं. "मांगून वारा सुटला ना बापू. वाऱ्यानं सुकली."

फय्याजने तिथंच गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं, 'पर्जन्यानंतर कोरडे वारे.' फुलसिंगाने ती वही पाहिली आणि आपण काही सरकारी बोललो की काय, या भीतीने दिवसभर तो खरोखरच जागा राहिला.

दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा पावणेदोन इंच! तेवढेच, एक रेषही इकडेतिकडे नाही. आता बधना तोच आणि डबा तोच म्हटल्यावर दुसरं काय होणार? पण फय्याजला वेड लागायची पाळी आली. त्याला अन्न गोड लागेना. तो परसात येरझाऱ्या घालू लागला आणि तिसऱ्या येरझारीला त्याला कारण सापडलं. दर गुरुवारी रात्री जऊळक्याला एक मालगाडी तासभर उभी राहायची आणि फुसफुस वाफ सोडायची. ती वाफ वर जाते, पहाटेच्या गारव्याने थंड होते आणि शुक्रवारी पावसाच्या रूपाने खाली येते! ब्राझीलमध्ये अशी गोष्ट घडली असती तर पुस्तकात एक धडा झाला असता. फय्याजने नऊ पानं लिहिली. इंजिन काळं काढलं, वाफ निळी, आणि पावसाचे बाण लाल.

ही बातमी स्टेशनावरून जानरावांच्या कानावर गेली. जानराव गावातले मोठे शेतकरी. त्यांचा हरभरा नुकताच वर आला होता आणि एका पावसासाठी ते रोज आभाळाकडे पाहत होते. ते तडक सैफुद्दीनमियांच्या परसात आले.

"काय रे, तुह्या परसात दोनदा पाऊस आला, अन् माह्या वावरात एक थेंब नाई. काहून?"

"काका, हा पाऊस स्थानिक हाये."

"मंग तो स्थानिक डबा माह्या वावरात नेऊन ठेव."

"काका, डबा पाऊस आनत नाई. डबा फकस्त मोजते."

"डबा ठेवाच्या आंधी तुमच्या परसात या दिवसांत कधी पाऊस पडलता?"

"नाई."

"ठेवल्यावर पडला?"

"पडला."

"मंग मले काय शिकवून राह्यला?"

 दुसऱ्या ठिकाणी मोजणी केली तर आपला शोध जास्तच पक्का होईल, असं फय्याजला वाटलं. गुरुवारी दुपारी डबा आणि तीन विटा जानरावांच्या बैलगाडीतून, जानरावांच्या मांडीवर बसून वावरात गेल्या.

रात्री बाजारातून आल्यावर सैफुद्दीनमियांना परस रिकामं दिसलं. त्यांनी बायकोला, मेहरबीला विचारलं.

"फय्याजनं जानरावच्या वावरात नेला," ती म्हणाली.

सैफुद्दीनमियांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणजे पोराला कळलं! बापाचा डबा गळतो हे त्याला कळलं, आणि बापाची लाज राखायला त्याने तो गावाबाहेर नेऊन लपवला. एवढं गुणी पोरगं, आणि आपल्या हातून त्याला साधा डबा होऊ नये! पहाटे नमाज झाल्याबरोबर ते बधना घेऊन कोसभर चालत जानरावांच्या वावरात गेले, तिथल्या विहिरीचं पाणी डब्यात ओतलं आणि दुकान उघडायला परत आले.

फय्याज वावरात पोचला तेव्हा नऊ वाजले होते. जानराव आधीच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे होते, पण डब्याला हात लावायची त्यांची छाती झाली नव्हती. फय्याजने पट्टी बुडवली. पावणेदोन! जानरावांनी डब्यातलं पाणी पाहिलं. मग त्यांनी खाली वाकून ढेकूळ उचललं. ते हातात भुगा होऊन उडालं. 

"काळी जमीन हाये," ते अभिमानाने म्हणाले. "पिऊन टाकलं."

त्या दिवशी दुपारपर्यंत डब्यासाठी तीन शेतकऱ्यांनी नंबर लावला. पण संध्याकाळी सैफुद्दीनमियां वावरात आले, डबा पुन्हा रिकामा पाहून कपाळाला हात लावला आणि तो सरळ घरी घेऊन गेले. जुना तळ कापून त्यांनी नवा जाड पत्र्याचा तळ बसवला, दोन वेळा झाळला आणि डबा परसात विटांवर ठेवला. फय्याजला वाटलं, अब्बांनाही आपल्या शोधाची काळजी आहे.

सोमवारी शाळा उघडली. रामराव मास्तरांनी वही चाळायला घेतली ती कपाळाला आठी घालूनच. तिसऱ्या पानावर आठी गेली. सातव्या पानावर त्यांनी चष्मा काढला. वीस वर्षं ते 'वऱ्हाडातील पर्जन्यमान' या धड्याच्या त्याच चौदा ओळी शिकवत होते. पंधरावी ओळ लिहायची वेळ आपल्या हयातीत येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"हे तू स्वतः मोजलंस?"

"माझ्या हातानं, सर."

"तिन्ही शुक्रवारी बरोबर पावणेदोन?"

"रेषभर फरक नाही."

खरं म्हणजे शहाण्या माणसाने इथंच थांबून विचार करायचा. पण मास्तर तेव्हा शहाणपणाच्या पलीकडे गेले होते. "साक्षीदार?" त्यांनी विचारलं.

"एक चौकीदार आणि एक शेतकरी, सर."

त्याच आठवड्यात शाळेच्या तपासणीला इन्स्पेक्टरसाहेब आले होते. बुधवारी मास्तर वही घेऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. साहेबांनी नऊ पानं शांतपणे वाचली, निळी वाफ पाहिली आणि विचारलं, "पुढचा शुक्रवार कधी?"

"परवा, साहेब."

"मग पाहू या."

बाहेर आल्यावर मास्तरांनी फय्याजच्या खांद्यावर हात ठेवला.  "पाऊस पडला तर तुझा फॉर्म मी स्वतः पोस्टात टाकीन. नाही पडला तर..." मास्तरांनी वही काखेत मारली.

शुक्रवारी उजाडायच्या सुमारास सैफुद्दीनमियांच्या परसात जत्रा भरली होती. मधोमध विटांवर डबा. त्याच्याजवळ स्टेशनमास्तरांकडून आणलेल्या खुर्चीवर इन्स्पेक्टरसाहेब, हातात छत्री. शेजारी रामराव मास्तर, हातात घड्याळ. जानराव घोंगडीची खोळ घेऊन आले होते. फुलसिंगही साहेब आल्याचं ऐकून हजर झाला होता आणि आपण किती जागे आहोत हे दाखवायला डोळे ताणून उभा होता. फय्याज एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता. अब्बा पहाटेच मशिदीत गेले होते आणि त्यांना काही सांगायचं त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

आभाळ घासलेल्या ताटासारखं स्वच्छ होतं.

"ढग?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"येतील, सर. रात्री मालगाडी येऊन गेली. चांगली तासभर वाफ सोडली तिनं."

दहा मिनिटं गेली. वीस गेली. पूर्वेला तांबडं फुटलं. साहेबांनी छत्री उघडून पाहिली आणि मिटली.  या आभाळात फय्याजची तीन वर्षं टांगली होती आणि आभाळ कूस बदलायला तयार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने ब्राझील सोडून जऊळक्याच्या हवामानासाठी दुवा मागितली.

तेवढ्यात परसाचं दार करकरलं. सैफुद्दीनमियां आत आले, डोक्यावर टोपी, हातात काठोकाठ भरलेला बधना. समोर खुर्चीवर साहेब, मास्तर, अर्धं गाव, आणि सगळ्यांच्या मध्ये आपला डबा!  डब्याची गळती वाशीमपर्यंत गेली, आणि सरकार चौकशीला आलं. पण ते कारागीर होते. पळून जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी साहेबांना सलाम केला.

"साहेब, तुमच्या डोळ्यासमोरच भरतो."

आणि त्यांनी सगळा बधना नरसाळ्यात ओतला.  मग ते गुडघ्यावर बसले, गाल जमिनीला लावून डब्याच्या बुडाखाली पाहिलं, बोट फिरवलं आणि ते कोरडं बोट साहेबांपुढे धरलं.

"थेंब नाई, साहेब. आता नवा तळ बसवला."

साहेब उठले. फय्याजच्या गारठलेल्या हातातून त्यांनी फूटपट्टी घेतली, नरसाळं काढलं, पट्टी डब्यात बुडवली आणि उजेडाकडे धरून पाहिली.

"पावणेदोन," ते म्हणाले.

रामराव मास्तरांनी घड्याळ मिटून खिशात ठेवलं.

"तुम्ही हे नेहमी करता?" साहेबांनी सैफुद्दीनमियांना विचारलं.

"जुम्म्याले भरतो, साहेब. संध्याकाळी पाहतो तं खाली. तीन जुम्मे झाले. झाळ मारली, तरी खाली. मंग तळच बदलला. पोराचं वर्ष जाईन म्हनून कोनाले सांगतलं नाई."

"अब्बा," फय्याज कसाबसा बोलला, "ते पानी मी फेकत होतो. मोजून."

सैफुद्दीनमियांनी बधना खाली ठेवला. "तू फेकत होता? म्हंजे माहा डबा गळत नव्हता?"

"नाई, अब्बा."

"एकदाबी नाई?"

"एकदाबी नाई."

सैफुद्दीनमियांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन आठवड्यांचं ओझं उतरलं होतं. त्यांनी सगळ्यांदेखत डब्यावरून हात फिरवला आणि ते हसायला लागले. पोराची फजिती, साहेब, सरकार, कशाचंच त्यांना भान नव्हतं.

दाराच्या पडद्याआडून मेहरबीचा आवाज आला. "मी तं दर जुम्म्याले पाहून राह्यली. बाप भरते, पोरगं फेकते. मले वाटलं, भूगोल म्हंतेत तो हाच."

साहेब जानरावांकडे वळले. "तुमच्या शेतात पाऊस पडला, असं वहीत आहे."

"हो जी."

"जमीन कोरडी दिसली नाही?"

"दिसली ना जी. पन वहीत लिव्हलं होतं."

फुलसिंगाला काही विचारायचं म्हणून साहेबांनी मान फिरवली तर फुलसिंगाच्या जागी नुसती भिंत होती. मग ते फय्याजकडे वळले. "पाणी ओतलं जातं तेव्हा तू कुठं असायचास?"

"झोपलेला, साहेब," फय्याज म्हणाला. यावेळी त्याला दुसरं कारण सापडलं नाही.

साहेबांनी वही मागितली. फय्याजने ती दिली आणि डोळे मिटून घेतले. पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

"एकवीस दिवसांची नोंद. तीन शुक्रवार चुकले. बाकी अठरा दिवस शून्य लिहिलंय." साहेब मास्तरांना म्हणाले, "अठरा दिवस शून्यच होतं ना?"

"हो, साहेब," मास्तर पुटपुटले.

"मग एकवीसपैकी अठरा बरोबर. भूगोलाला इतके गुण पुष्कळ झाले." त्यांनी खिशातून पेन काढलं, वहीच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही ठोकली. इन्स्पेक्टरची सही असलेल्या वहीला नापास करायची हिंमत मास्तरांना कुठून असणार? त्यांनी स्टेशनाच्या बाकावर बसून, तोंड दुसरीकडे करून फय्याजच्या फॉर्मवर सही केली. शुक्रवार संध्याकाळच्या टपालाने फॉर्म गेला, आणि तीन वर्षांनी फय्याज मॅट्रिकच्या परीक्षेला बसायचा झाला.

सैफुद्दीनमियांनी ते शेवटचं पान मागून घेतलं. साहेबांच्या हातचं होतं ते! त्यांनी त्याला पत्र्याची चौकट केली, काच बसवली आणि दुकानात दर्शनी भागावर टांगलं. गिऱ्हाईक आलं की आधी चौकट दाखवायचे, मग डबे. पण त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि त्या बाजूच्या गल्लीत ते वाचता येणारा एकटा फय्याजच होता. त्यामुळे फय्याज घरी असताना गिऱ्हाईक आलं की हाक जायची, "बेटा, जरा वाचून दाव."

फय्याज यायचा आणि खड्या आवाजात वाचायचा. "यंत्र उत्तम बनवलेलं आहे. त्यातून एक थेंबही गळत नाही." गिऱ्हाईक मान डोलवायचं, सैफुद्दीनमियां दाढीवरून हात फिरवायचे. दुसरी ओळ फय्याजने वाचली तेव्हा ती मनातल्या मनातच वाचली होती. तीत लिहिलं होतं, 'निरीक्षण करणारा सकाळी आठपर्यंत झोपतो.'

एकदा किन्हीराजाचा एक चौकस म्हातारा चौकटीजवळ डोळे नेऊन उभा राहिला. "अन् हे खालची ओळ काय म्हंते, बापू?"

"साहेबाचं नाव हाये," फय्याज म्हणाला.

"एवढं लंबं?"

"इन्स्पेक्टर होते ना, चाचा," फय्याज म्हणाला, आणि आत जाऊन त्याने अम्मीला सांगितलं की उद्यापासून मला अब्बांच्या नमाजाच्या वेळेला उठव.